समुद्राकाठचो शाळू

मी मूळची घाटावरची हां, गडहिंग्लजकडली, आता माझा बोलणा ऐकान कोणाक खरा वाटणा नाय, एवढी वर्सां मालवणाकडे काढल्यार बोली बदलताच, काय सांगू तुमका, सपनां पण मालवणीतच पडतत. सपनात शेत मात्र थंयचाच दिसता, माझ्या बापाशीच्या शाळवाचा. शाळू म्हणजे थंडीतलो जोंधळो, माणसाच्या डोक्यावर वाढता, आणि मी ल्हान चेडू होवन त्या पानांतसून चलतंय, चलतंय, आणि शेत काय सरणा नाय.

बापूस गेलो, मागसून कालव्याचा पाणी इला आणि भावान सगळ्या रानात ऊस लावल्यान. माझ्या लग्नाक आवशीन चुलीवर टांगलेली शेवटची कणसां काढल्यान, दाणे फडक्यात बांधून माझ्याकडे दिल्यान, म्हणाली, बाळे, जप ह्येला, आता आपल्यात ह्येचं बियाणं न्हाई. हय इलंय तर तांबडी माती, खारो वारो आणि सगळे भात खाणारे. तरी मागीलदारी, बावीकडे, माडांच्या मधी माका एक वाफो गावलो. पाऊस थांबल्यार दसऱ्याच्या सुमाराक होते तेवढे दाणे पेरलंय आणि पहिल्या बाळंतपणाक माहेराक गेलंय.

आमची सासू म्हणजे वाघीण, पण जीव लावणारी. तिना रोपां दाट इलेली बघितल्यान आणि तिका काळजी पडली, सून तर गेली, आता ह्याची लावणी कोण करतला? भाताचो तरवो कसो उपटून चिखलात लावतत, तसो तिना माझो शाळू उपटल्यान, बावीचा पाणी ओढून ओढून चिखल केल्यान आणि वळीन लावल्यान हो, इतक्या मायेन! शाळू पाण्यात उभो केल्यार कुजता, ता तिका कोण सांगतला?

मी बाळाक घेवन इलंय, बघतंय तर वाफो रिकामो. थंयच फतकल मारून बसलंय आणि रडलंय, आवशीचा शेवटचा बी गेला म्हणान. सासू बाजूक येवन बसली, म्हणाली, भातासारख्याच वाटला गो माका, तुझ्यासाठीच केलंय. कितीतरी दिवस मी तिच्याकडे बोलूक नाय.

मग एक दिवस ती वरडाक लागली, अगो सूनबाय, हय ये गो! लावणीतसून उरलेली रोपां तिना दगडी गडग्याच्या पलीकडे भिरकावलेल्यान, आणि थंय थोडी ताटां उभी, नुसत्या दंवार वाढलेली, कणसां घेवन. आमी दोघी बघीतच ऱ्हवलो. तेव्हापासून दर वर्सा पोपट हाकलूक तीच बसायची, पत्र्याचो डबो वाजवीत, पोपटांका गाळी घालीत, मरेपर्यंत.

आता मी बसतंय. दुपारची पायरीर बसलंय काय पानां सळसळतत, तिकडे समुद्र वाजता, डोळे मिटले काय खंयचा काय ता कळणाच नाय. झील म्हणता, आये, हय हापूसची कलमां लावया, मूठभर शाळवाक एवढी जागा कित्या? मी म्हणतंय, मी आसय तोवर ऱ्हवांदे रे.

आणि ह्या वर्सा भावाची सून इली. म्हणाली, आत्याबाई, उसानं रान पार खारावलं, थोडं मोकळं केलंय, तुमच्याकडं जुना शाळू हाय म्हणं. काय सांगू तुमका, मी तशीच उठलंय आणि बियाक टांगलेली कणसां काढलंय. लेकीची ओटी माहेरात भरतत, हय मी माहेराची भरलंय. तांदळाच्या जाग्यार शाळू, वर आमच्या माडाचो नारळ.

आंबोलीचो घाट चढल्यार तिना फोन केल्यान, आत्याबाई, वर आलो. मी डोळे मिटलंय आणि तिच्या वांगडा मी पण वर गेलंय, शाळवाची पिशवी मांडयेर घेवन.

सांजचो झील घराक इलो तेव्हा त्येका सांगलंय, लाव बाबा तुझी कलमां. तो म्हणाक लागलो, आये, बरी मा तू? बरी आसय रे. थंयची पोरां पोटभर हुरडो खावंदेत, त्यांचा रान हिरवागार ऱ्हवांदे. आता मी गेलंय तरी चलता.