लाल दिव्याचा फोन

थांबा असं मी म्हणालो नव्हतो, चालवा म्हणालो होतो. हे आधी लिहून घ्या, मग माझं नाव, गाव, बाकीचं. रोहिणीताईंनी ऑइलचा लाल दिवा लागल्याबरोबर पिकअप बाजूला घेऊन मला फोन केला होता, पुढे जा असं मीच सांगितलं, आणि इंजिन जाम झाल्यावर त्यांच्या सासऱ्यांसमोर, नवऱ्यासमोर मान वर करून म्हणालो की मी थांबायला सांगितलं होतं, ताईंनी ऐकलं नाही. आठ वर्षं ते खोटं त्यांच्या नावावर राहिलं आणि मी रोज सकाळी अगरबत्ती लावून गॅरेज उघडत राहिलो.

तर मी उत्तम. आम्ही मूळचे देवळ्याकडचे. वडील विहिरीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे, सायकलला पिशवी, पिशवीत पाने-पक्कड, आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावून मूठ कानाला लावायचे नि डोळे मिटून ऐकत बसायचे. कधी त्यांच्याकडून बोल्ट जास्त आवळला जाऊन तुटला तर शेतकऱ्याला सरळ सांगायचे, माझ्या हातून तुटला बरं का, उद्या नवा बसवून देतो. मला लहानपणी त्याची लाज वाटायची, कशाला सांगतात, कोणाला कळणार होतं. काय सांगू तुम्हाला, शिकायचं ते सोडून मी ती लाज तेवढी घेऊन नाशकात आलो. आयटीआय केलं, दुसऱ्याच्या गॅरेजात राबलो, मग दिंडोरी रोडला स्वतःचं टाकलं. हात चांगला होता, एवढं मी म्हणू शकतो.

आता बाटलीचं सांगतो. एकदा इंजिनात टाकायचं औषध विकणाऱ्या कंपनीने आम्हा मेकॅनिक लोकांना एका हॉटेलात जेवायला बोलावलं, टाय घातलेला माणूस, टेबलावर एक छोटं मशीन. लोखंडी चाक फिरतंय, त्यावर दुसरं लोखंड दाबलं की कर्रर्र असा आवाज, मग त्याने बाटलीतले चार थेंब सोडले आणि आवाज गप. आम्ही सगळे आ वासून बसलो. आता कळतं की इंजिन म्हणजे टेबलावरचं चाक नाही, पण तेव्हा पनीर खाता खाता कोण विचार करतो. घरी येऊन मी माझ्या स्कूटरमध्ये टाकलं, ऑइलही नवीन टाकलं, आणि बायकोला म्हटलं, बघ कशी लोण्यासारखी चालतेय. ती म्हणाली, नवीन ऑइल टाकल्यावर दर वेळी तुम्ही हेच म्हणता. तिचं बरोबर होतं. पण मला पटलं होतं, अगदी मनापासून, म्हणून गिऱ्हाइकांनाही देत गेलो, पेट्रोलमध्ये ही टाका, ऑइलमध्ये ती टाका. ती चूक मी स्वतःला माफ केलीय. पुढची नाही.

मखमलाबादचे दामूअण्णा, फुलांची शेती, झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. रोहिणीताई त्यांच्या सूनबाई. नवरा विलास, चांगला माणूस, पण स्टिअरिंग हातात घेतलं की घामाघूम व्हायचा, म्हणून ताई स्वतःच शिकल्या, मळ्याच्या रस्त्यावर पुढे मागे करत, आणि पहाटे पिकअप घेऊन फूलबाजारात यायला लागल्या. टेम्पोवाले चिडवायचे, काय वहिनी, आज रिव्हर्स जमला का, तर ह्या म्हणायच्या, तुमच्या टेम्पोला आरसा आहे का ते बघा आधी. अण्णांना केवढा अभिमान. माझ्याकडे गाडी आणली की म्हणायचे, आमची सून लय भारी चालवती, उत्तम, तुला पन मागं टाकील.

गाडी जुनी होती, सीझनच्या धांदलीत ऑइल नेहमी उशिरा बदललेलं, आत काळी मळी साचलेली. दसऱ्याच्या आठवड्यात सर्व्हिसिंगला आली तेव्हा मी इंजिन आतून धुणारी बाटली ओतली, पंधरा मिनिटं चालू ठेवलं, जुनं ऑइल काढलं, नवीन भरलं, वर ताकद येण्याची दुसरी बाटली. अण्णा म्हणाले, एवढं लागतं का रे? म्हटलं, अण्णा, इंजिनला च्यवनप्राश आहे.

पाच दिवसांनी पहाटे फोन. मी दात घासत होतो. भाऊ, ऑइलचा लाल दिवा लागलाय, मी गाडी बाजूला घेतलीय. ऑइल बघितलं का ताई? बघितलं, पट्टीवर बरोबर आहे. मग दिव्याचा स्विच गेला असेल, दसऱ्याचा माल आहे, हळूहळू बाजार गाठा, दुपारी बघतो. त्या म्हणाल्या, नक्की ना भाऊ? मी म्हटलं, नक्की. तोंडात ब्रश होता माझ्या. त्या 'नक्की'वर एका बाईंची आठ वर्षं गेली.

बाजार आला नाही, त्याआधीच इंजिन जाम झालं. गाडी ओढून माझ्याकडे आणली, मी इंजिनखालचं ऑइलचं चेंबर उघडलं. ऑइल वर ओढून घेणारी जाळी असते, ती काळ्या गाळाने पार बुजलेली. बाटलीने मळी सुटली होती, सगळी निघाली नव्हती, राहिलेली जाळीवर जाऊन बसली. ऑइल खाली भरपूर, पण वर चढायला वाट नाही. दिवा खरं बोलत होता, ताई खरं बोलत होत्या. अण्णा, विलास आणि ताई रस्त्यात होते, रिक्षाने येत होते. मी ब्रश घेतला, डिझेल घेतलं आणि जाळी लख्ख धुतली. अण्णा आले तेव्हा त्यांच्या हातात फक्त जळालेलं बेअरिंग दिलं. म्हटलं, दिवा लागल्यावर चालवली की असंच होतं. ताई म्हणाल्या, भाऊ, मी तुम्हाला फोन केला होता ना? म्हटलं, आला होता की, मी थांबा म्हणालो होतो. त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मग कपाळावरचा पदर सारखा केला. अण्णांनी किल्ली मागून घेतली, एवढंच.

पुढे गाडी चुलत दीर चालवायला लागला, ताई शेजारी टोपल्या धरून बसायच्या. मी त्यांच्या घरी गेलो की चहा ताईच द्यायच्या. बाटल्या मी त्याच वर्षी बंद केल्या. गिऱ्हाईक विचारतं, टाकू का, तर मी सांगतो, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय ते ऑइल वेळेवर बदला, लागतं ते त्यात कंपनीने घातलेलंच असतं. पेट्रोलमधलं सफाईचं औषध, बरेच दिवस उभी असलेली गाडी अडखळत असली तर कधी उपयोग होतो, होत नाही असं खोटं सांगणार नाही. पण चांगल्या गाडीला सवय म्हणून नको, आणि आजारी गाडीला बाटली देऊन दुखणं लपवायला तर नकोच. लोक म्हणायचे, उत्तम मेकॅनिक प्रामाणिक. ते ऐकलं की जेवण जायचं नाही.

मागच्या वर्षी अण्णा नवीन पिकअप घेऊन आले, हार घातलेली, म्हणाले, टाक तुझी ती च्यवनप्राश बाटली. म्हटलं, नव्या गाडीला काही नको अण्णा. मग बोलता बोलता म्हणाले, नात अठराची झाली, ईश्वरी, लायसन काढायचं म्हनती, मी नाय म्हनलं, तिच्या आईनं एक इंजिन घालवलं तेवढं बास झालं, पोरींच्या हातात गाडी नाय द्यायची. मी पाना ठेवला. माझं खोटं आता त्या पोरीपर्यंत पोचलं होतं, जी तेव्हा दप्तर घेऊन शाळेत जात होती.

त्याच दुपारी मळ्यात गेलो. शेडमध्ये सगळे बसलेले, झेंडूच्या माळा चाललेल्या. मी सुरू केलं ते बाटलीपासून, मळी कशी सुटते, जाळी कशी बुजते, वीस मिनिटं नुसतं इंजिनच. रोहिणीताईंनी सुई थांबवली आणि म्हणाल्या, भाऊ, जाळीचं राहू द्या, माझं सांगा.

मग मी सांगितलं. त्यावर अण्णा महिनाभर गॅरेजला फिरकले नाहीत. मग एक दिवस आले, म्हणाले, ऑइल बदल, बाटली नको, आन खरं बोल. आता नवी पिकअप ताईच आणतात, ईश्वरीने लायसन काढलंय, सुट्टीच्या दिवशी ती चालवते नि आई शेजारी बसून ओरडते, क्लच, अगं क्लच. अधूनमधून ताईंचा फोन येतो, भाऊ, दिवा लागलाय, थांबू का चालवू? आणि मागून पोरीचं हसू ऐकू येतं. थट्टा आहे हे मला कळतं, तरी मी दर वेळी थांबा म्हणतो आणि स्कूटरला किक मारतो. एकदा तर सगळं ठीक आहे असा ताईंचा पुन्हा फोन आला तेव्हा अर्ध्या रस्त्यातून परत फिरलो. बरं चाललंय माझं, खरंच बरं चाललंय, वडील असते तर त्यांना सांगितलं असतं.

त्या दुपारी मी काय बोललो ते तेवढं जसंच्या तसं लिहा. मी उभा राहिलो, हात जोडले आणि म्हणालो, ताई, तुम्ही दिवा लागल्याबरोबर गाडी थांबवली होती. चालवा असं मी सांगितलं. अण्णा, मी तुमच्याशी खोटं बोललो, ताईंची काही चूक नव्हती. ईश्वरी, तुझ्या आईने इंजिन घालवलं नाही, ते मी घालवलं आणि नाव तिचं सांगितलं. माझं चुकलं, ताई. मला माफ करा.