वाचनालयातले मास्तर

तुम्हाला भुताची भीती वाटते? मला तर एका भुताची कीव येते.

बँकेनं माझी बदली बनारसला केली, तेव्हा मी रोज दुपारच्या सुट्टीत घाटाजवळच्या जुन्या मराठी वाचनालयात जायचे. तिथे खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीतून पानं उलटल्याचा आवाज यायचा, मधूनच खोकला. ग्रंथपाल भाऊकाका म्हणाले, "घाबरू नका, आपले मास्तर आहेत. वारले, पण यायचे थांबले नाहीत."

शेवटी मीच शांतीसाठी गुरुजींना बोलावलं. ते आले तेच तापून. "काशीत मेलेल्याला मोक्ष मिळतो! त्याचं भूत होईलच कसं? अन् लवकर आटपा, परवा मला भाच्याच्या लग्नाला पुण्याला निघायचंय."

"मास्तर काशीत नाही गेले," भाऊकाका म्हणाले. "मुलीकडून परत येत होते. मुगलसरायला चहा प्यायला उतरले, अन् प्लॅटफॉर्मवरच गेले."

गुरुजी मटकन खाली बसले. "अरे राम! सोळा किलोमीटरनं मोक्ष हुकला?"

खुर्चीतून खोकला आला.

"पण आता तर ते काशीतच आहेत ना?" मी विचारलं.

"मरून येऊन उपयोग नाही हो. येऊन मरावं लागतं."

"मग राहू देत," भाऊकाका म्हणाले. "ताईंची बदली झाली की रोज येणारा वाचक तेवढा एकच उरणार."

गुरुजींनी पूजेचं सामान पिशवीत भरलं. दारापर्यंत गेले, परत वळले आणि हळूच म्हणाले, "ताई, तुमच्या मोबाइलवरून पुण्याचं तिकीट कॅन्सल करता येतं का?"