केरूनानाची सायकल आणि तुटलेली तार

मंडळी, आज एक साधा प्रश्न घेऊन उभा राहिलोय. भांडण झालं. तुम्ही बोललात, समोरचा बोलला. तुम्ही आवाज चढवलात आणि समोरचा गप्प झाला. तर मला सांगा — तुम्ही जिंकलात का?

जिंकलो म्हणणाऱ्यांनी हात वर करा! बघा, पुरुषांच्या बाजूला भराभर हात वर. बायकांच्या बाजूला नुसत्या माना खाली. मृदंगबुवा, तुमचाही हात वर? वाजवा, वाजवा, तुमच्याकडं नंतर येतो.

ऐका आता. निंबवडी नावाचं गाव. गावात केरूनाना म्हणून एक गृहस्थ. माळकरी, निर्व्यसनी, कुणाच्या बांधाला पाय न लावणारा. पण एकच खोड — हरायचं नाही! वाद कसलाही असो. पाऊस पडेल की नाही, भेंडीत चिंच घालावी की आमसूल, शेजाऱ्याची म्हैस गाभण आहे की नुसती जाड आहे — नानाचा शब्द शेवटचा!

आणि या शेवटच्या शब्दाच्या आधीचे सगळे शब्द ज्यांनी आयुष्यभर ऐकले, त्या हौसाबाई. नानांच्या मंडळी. विठ्ठल, विठ्ठल!

आता प्रसंग काय? नानांच्या बहिणीच्या मुलीचं लग्न. मुलीचं नाव मंजुळा. तिचं गाव डोंगराच्या पलीकडं, मुहूर्त गोरज. आपल्याकडं रीत काय आहे? नवरीला अंतरपाटाजवळ कोण आणतं? मामा! तिच्या अंगावर पिवळी अष्टपुत्री साडी कुणाची? मामाची! आणि मंजुळेला सख्खे मामा किती? हा एकच, आपला केरूनाना. नाना पोचला नाही तर पोरगी बोहल्यावर चढायची कशी? एवढी गोष्ट ध्यानात ठेवा.

निघायच्या आदल्या दिवशी हौसाबाई म्हणाल्या, "अहो, सकाळच्या एष्टीनं जाऊ. मंडपात जरा आधी पोचू."

नाना म्हणाले, "एष्टीचा काय भरवसा? सायकल!"

"सायकलच्या मागच्या चाकात काल टणकन् वाजलं. मी कॅरिअरवर होते, मला ऐकू आलं. एक तार तुटलीय. दुकानात दाखवा तरी."

नाना हसले. कसे हसले? असे — छाती पुढं काढून! "अगं, चाकात एवढ्या तारा! एक गेली तर बाकीच्या काय झोपल्यात?"

"तसं नाही हो—"

"तुला सायकलीतलं काय कळतं?"

हौसाबाई गप्प झाल्या. नाना जिंकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघाले. पुढं नाना, मागं कॅरिअरवर हौसाबाई, मांडीवर साडीची पिशवी. फाटा आला. हौसाबाई म्हणाल्या, "डांबरी रस्त्यानं जाऊ." नाना म्हणाले, "ओढ्यातून जवळ पडतं!" बाई गप्प. नाना पुन्हा जिंकले! आनंदानं शीळ घालायला लागले. तो ओढा म्हणजे गोटेच गोटे, मंडळी! सायकल उडतीय, नाना उडतायत, हौसाबाई तर अर्धा वेळ हवेतच!

आणि चाक बोलायला लागलं. खर्र... खर्र... खर्र. बायको गप्प झाली म्हणून चाक बोललं! देव कुणालातरी बोलायला लावतोच.

नाना उतरले. बघतात तर डाव्या अंगाची तार तुटून लोंबतीय आणि चाक उजवीकडं वाकडं होऊन चिमट्याला, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांना, घासतंय. सायकलवाले याला काय म्हणतात? चाकाला आऊट आला! नानांच्या खिशात तारा फिरवायची चावी होती. ती नेहमी असायची. चावी होती, अक्कल घरी राहिली होती.

नाना बसले मांडी घालून. "आत्ता बघ, कसं घट्ट आवळतो!"

आवळली उजवीकडची एक तार. चाक आणखी वाकडं. आवळली दुसरी. आणखी वाकडं! नानांचा स्वभावच तो — काही बिघडलं की आवळायचं. पोरगं ऐकत नाही? आवळ! सून उलट बोलली? आवळ! मंडळी, शेवटी काय झालं? चाक चिमट्यात असं रुतून बसलं की ढकलूनही हलेना.

ऊन कलायला लागलं. डोंगराच्या पलीकडून बारीकसा बँडचा आवाज. नानांच्या कपाळाला घाम. तिकडं पोरगी पाटावर बसून वाटेकडं डोळे लावून असणार. मामा येईना, मामा येईना! भटजी म्हणत असतील, दुसरा कुणी मामा उभा करा. त्या पोरीला नानांनी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती.

नाना मागं वळले. हौसाबाई दगडावर बसलेल्या. पिशवी छातीशी धरलेली, तोंड मिटलेलं.

"अगं, काहीतरी बोल ना!"

"मला सायकलीतलं काय कळतं?"

आहाहा! मृदंगबुवा, इथं एक थाप द्या. हां, अशी!

नाना उठले, बाईंच्या समोर जमिनीवर बसले. "हौसे, मला सुचत नाही. तू सांग."

किती सोपं वाक्य आहे, पण नानांच्या तोंडून लग्नानंतर पहिल्यांदा निघालं! हौसाबाई उठल्या. चाक निरखून पाहिलं. म्हणाल्या, "बाज विणताना एका बाजूची दोरी तुटली तर आपण समोरची आवळतो का? ती तर आधीच ओढून बसलीय. डावीकडची तुटली, म्हणून उजवीकडच्यांनी चाक आपल्याकडं ओढून नेलं. त्यांना सैल करा."

"सैल? अगं, आणखी पडेल—" नानांनी जीभ चावली. "बरं."

आवळलेल्या तारा परत सोडल्या. मग तुटलेल्या तारेच्या शेजारच्या, उजव्या अंगाच्या दोन तारा थोड्याशा सैल केल्या. आणि मंडळी — चाक हळूच मधे आलं! अगदी सरळ नाही, पण फिरायला लागलं. तुटलेल्या तारेचं काय? हौसाबाईंनी ती शेजारच्या तारेला गुंडाळली. मोडलेल्याला लोंबकळत सोडायचं नसतं हो, शेजारच्यानं धरून ठेवायचं असतं.

"चल, बस मागं," नाना म्हणाले.

"मागं बसले तर आणखी तारा जातील. वजन पुढं पाहिजे."

"पुढं म्हणजे?"

"नळीवर."

अरे देवा! केसात पांढरं, गळ्यात माळ आणि बायको पुढं नळीवर! नाना लाजेनं लाल. "लोक काय म्हणतील?"

"पोरगी काय म्हणेल, ते बघा आधी."

"बरं," नाना म्हणाले. एका दिवसात दोनदा बरं!

आणि निघाली सवारी! हौसाबाई पुढं, मांडीवर अष्टपुत्री, चाक थोडं डुलतंय, नानांची दाढी बाईंच्या खांद्याला टोचतीय. गावात शिरले तर पोरं ओरडली, म्हाताऱ्यांनी चष्मे पुसले, आणि बँडवाल्यांना वाटलं वरातच आली, त्यांनी दिलं की दणक्यात वाजवायला! अशा थाटात मामा मंडपात शिरला.

बहीण रडकुंडीला आलेली. "दादा! अरे, सूर्य टेकला! कुठं होतास?"

सगळा मंडप नानांकडं बघायला लागला. सगळ्यांना ठाऊक होतं, नानाकडं उत्तर तयार असणार. चूक एष्टीची, चूक ओढ्याची, चूक सायकल बनवणाऱ्याची! हौसाबाईसुद्धा पदर सावरून पुढं झाल्या, नवऱ्याला सांभाळून घ्यायला. "अहो वन्सं, वाटेत जरा—"

नानांनी हात वर केला. "थांब. अगं, चूक माझी. तुझी वहिनी कालपासून सांगत होती. मी तिला गप्प बसवलं. आज तिच्यामुळं पोचलो."

हौसाबाईंनी डोळ्याला पदर लावला. पिवळी अष्टपुत्री नेसून पोरगी बाहेर आली, मामाच्या ग्रीस लागलेल्या हाताला धरून अंतरपाटाजवळ उभी राहिली, आणि गोरज मुहूर्त साधला. बोला, रामकृष्णहरी!

तर हात वर करणाऱ्यांनो, आता माझ्याकडं बघा! तुमच्या घरात कोण गप्प झालंय? बायको? म्हातारा बाप? कालपर्यंत भांडणारा भाऊ? तुम्हाला वाटतं, त्याला पटलं. अहो, कुठलं पटलंय! गप्प झालेलं माणूस पटलेलं नसतं, तुटलेलं असतं! आणि तुम्ही मात्र घर आपल्याकडं ओढून बसलाय, आणि विचारताय — महाराज, संसार पुढं का सरकत नाही?

जो जिंकलाय ना, त्यानं सैल व्हायचं असतं. हरलेल्याकडं सैल व्हायला शिल्लक काय आहे?

आत्ता बायकांच्या बाजूला कुणीतरी हुंदका दिला. इकडं पुरुषांत एक जण मान वळवून तिकडं बघतोय. बघ बाबा, बघ. मी नाव घेत नाही. माझं आख्यान इथं संपलं. आरती होऊ दे, प्रसाद घे, आणि घरी गेल्यावर तिला एवढंच म्हण — "तू सांग, मी ऐकतो." आणि मग खरंच ऐक!