मान वळवणारा पाना

— नाही नाही, ते केक तिकडं देवापाशी ठेव, मला गोड चालत नाही — आणि बस. अशी टोकावर काय बसतेस, स्टूल काही चावत नाही. तर लग्न करायचं म्हणतेस. आमच्या पो-युआनशी. आणि विचारायला तो नाही, तू आलीस. बरं केलंस — तो आला असता तर दारात उभा राहून बुटांकडं बघत बसला असता, आणि तेसुद्धा एका डोळ्यानं. हस की! विनोद केला मी. तू चष्म्याच्या दुकानात आहेस ना — मग स्वस्तात पडेल तुला, एकच काच बसवायची. नाही हसलीस. तुमच्या त्या पुली गावची माणसं अशीच, घुमी. तुझी आई तिथं चिखलपाण्यात उभी राहून पाणबांबूचे कोंब काढते, हो ना? चौकशी केलीय मी. हा ल्याओ चिन-शुई चौकशी केल्याशिवाय कारखान्यात सळई घेत नाही, घरात सून घेईल? चहा घे. गार झाला की कडू लागतो.

हा बघ — अगं हातात धर, घाबरतेस काय — हा माझा पाना. आपल्या सगळ्या दाली गावात विचार, ताइचुंग शहरात विचार, ल्याओचा पाना म्हटलं की मिस्त्री दुसऱ्याकडं बघत नाही. ही फिरकी अंगठ्यानं फिरवायची, जबडा सरकतो, नट बारका असो जाडा असो — धरला की धरला. हलायचं ते एवढंच. मान हलायची नाही. आणि आमच्या चिरंजिवांना काय काढायचं होतं? मान वळवणारा पाना! का — तर त्याची आई, तेव्हा होती ती, बेसिनखाली आडवी पडून नळ आवळत होती, हात वाकडा करून करून मनगट सुजलं तिचं. हा म्हणतो, 'बाबा, माणसानं का वाकायचं? पाना वाकू दे ना.' — ऐकलंस? बापाला शिकवतोय! आणि बसला रेघोट्या मारत. मुंडी आणि दांडा यांच्यामध्ये बिजागरी, बिजागरीतून एक आडवी पिन, शेजारी स्प्रिंगवर बसवलेली बारकी गोळी — मुंडी हवी तशी वळवा, गोळी खाचेत बसली की टक्क, तिथंच अडकणार. मग स्क्रूड्रायव्हर काढला तसाच, दांडा काटकोनात मोडायचा, की पिळायला जोर जास्त. — काय? हो, चालायचा. चांगला चालायचा. नाही कोण म्हणतंय?

पण तैपेईच्या प्रदर्शनात काय झालं ते सांगितलंय का त्यानं तुला? नसेल. डोळा गेला एवढंच सांगितलं असेल, म्हणजे दया येते. एक जर्मन व्यापारी आला, ताडमाड, आणि हा मान वळवणारा पाना उचलून वळवतोय, टक्क टक्क, लहान पोरासारखा. म्हणतो, 'तुम्ही आमच्याकडं या, आमच्याकडं बसून असली अवजारं काढा.' कुणाला? पो-युआनला! मी शेजारी उभा — दुकान माझं, पाटीवर नाव माझं — आणि माझ्याकडं वळून म्हणतो, 'जरा चहा मिळेल का?' मला! मला चहावाला समजला तो. आणि तुझा हा — हसला. म्हणजे हसला नाही, हसू दाबलं. हसला असता तर चाललं असतं गं. दाबलं त्यानं. बापाची कीव केली. बरं. मी चहा आणून दिला. वाकून दिला. मग म्हटलं, 'साहेब, उद्या या. नुसतं वळवून काय बघता, उद्या गंजलेल्या नटावर लावून दाखवेल माझा मुलगा.'

आणि दुसऱ्या दिवशी — एवढी माणसं जमलेली — यानं पाना लावला, दोन्ही हातांनी ओढला, आणि पिन मोडली. मुंडी राहिली नटावर, दांडा आला तोंडावर. तुटकं टोक थेट डोळ्यात. जर्मन पळालाच. दवाखान्यात हा शुद्धीवर आला, तर पहिलं वाक्य काय — 'बाबा, माझा हिशेब चुकला.' मी म्हटलं, 'चुकला बाळा.' झालं. तेव्हापासून पेन्सिल हातात धरली नाही. पॅकिंगला बसतो, खोक्यांना पट्ट्या लावतो, सांगितलं तेवढं करतो. सोन्यासारखा मुलगा झालाय. आणि तू त्याला पुलीला न्यायचं म्हणतेस. काय करेल तो तिथं? ज्याला एका पिनेचा हिशेब जमला नाही —

— काय म्हणालीस? परत बोल. हिशेब बरोबर होता? त्यानं तुला सगळं काढून दाखवलं, पुन्हा? केव्हा? — बरं, बरोबर होता म्हणतेस. मग पिन काय हवेनं मोडली? — पोलाद कच्चं? माझं पोलाद? ए पोरी, तोंड सांभाळ. या कारखान्यातून कच्ची पिन बाहेर जात नाही. लालबुंद तापवून तेलात बुडवतो आम्ही, पाणी देऊन कडक करतो, एकेक पिन मी स्वतः कानाशी वाजवून बघतो — माझी पिन मोडणार? चाळीस टनांच्या प्रेसखाली घाल, मोडणार नाही! त्याची पिनसुद्धा मोडली नसती, मी दिली होती तशी ठेवली असती तर जन्मात मोडली नसती, ती मी बदलली म्हणून —

चहा घे.

घे म्हटलं ना. — बघतेस काय अशी? बदलली. बिनपाण्याची घातली, मऊ. माझाच मुलगा, माझाच पाना, माझीच पिन. मुंडी हातात येईल, चार लोक हसतील, जर्मन जाईल, पोरगा घरी येईल — एवढंच. डोळ्याचं मला काय ठाऊक? डोळा मी मागितला नव्हता. पण घरी आला की नाही? आहे की नाही घरी? तुझ्या आईचा मुलगा असता जर्मनीत, तर कळलं असतं तिला, म्हातारपणी एकट्यानं जेवणं काय असतं.

आणि सांगणार असशील तर सांग त्याला. जा, सांग. तो माझ्या पाया पडतो रोज सकाळी, म्हणतो, बाबा, मी तुम्हाला मान खाली घालायला लावली. एक डोळा गेलाय त्याचा — आता बापही काढून घे तू. जमेल? नाही जमणार. चांगल्या घरची दिसतेस. गप्प बसशील, आणि गप्प बसलीस की त्याच्याकडं बघणंही जमणार नाही तुला, महिन्याभरात आपणहून फोन घेणं बंद करशील. मला काही करावंच लागणार नाही. ऊठ आता. केक घेऊन जा, आईला दे. — राहू दे तर राहू दे. गेट डावीकडं आहे. — डावीकडं, पोरी. तिकडं पॅकिंग आहे. गेट इकडं — ए — अगं ए, इकडं —