असेंडन्सीचा पाचवा पुरावा

सन्माननीय अध्यक्ष डॉ. मरडॉक, व्यासपीठावरील मान्यवर, शब्दकोशापायी डोळे अधू करून घेतलेले माझे सहकारी, आणि ज्यांच्या सत्कारासाठी आपण एडिंबरातल्या या गारठलेल्या सभागृहात जमलो आहोत त्या मिस डेलिया हेनेगन,

मुख्य संपादकाने आज गोड बोलावे अशी अपेक्षा असते. पण बाईंचे कौतुक करायचे तर आधी माझा पराभव सांगावा लागेल. सांगू ना, बाई? बघा, मान डोलावली! एकतीस वर्षांत माझ्या म्हणण्याला त्यांनी मान डोलावल्याची ही दुसरी वेळ.

शब्द होता 'असेंडन्सी'. जुन्या आवृत्तीतला अर्थ: वर्चस्व, वरचढपणा. उदाहरणही अगदी सोज्वळ, अमक्याने तमक्यावर असेंडन्सी मिळवली. नव्या आवृत्तीचे खर्डे तपासताना बाई माझ्या टेबलाशी आल्या.

"साहेब, हा अर्थ अर्धाच आहे. आयर्लंडात, आमच्या रॉसकॉमनला, असेंडन्सी घोड्यावर बसून यायची. आणि माझे वडील टोपी काढून फाटक उघडायचे."

म्हणजे बड्या जमीनदार घराण्यांनाच तिथे हा शब्द लावत. मी काय म्हणालो असेन? "वडिलांची टोपी हा पुरावा नव्हे, बाई!"

आपला रिवाज तुम्हाला ठाऊकच आहे. पाच छापील पुस्तकांतले पाच उतारे, पाच चिठ्ठ्यांवर. त्याशिवाय नवा अर्थ कोशात शिरत नाही. बाईंनी चार आणले. मी म्हटले, "चार म्हणजे शून्य." पाने शुक्रवारी छपाईला जायची होती. पुढची आवृत्ती वीस वर्षांनी, तेव्हा बाई इथे नसणार.

गुरुवारी चहाच्या वेळी पाचवी चिठ्ठी माझ्या बशीशेजारी आली. "आम्ही असेंडन्सीची माणसे फाटकापाशी घोड्यावरून उतरत नाही." एका कर्नलच्या शिकारीच्या आठवणी, खासगी छपाई. पुस्तक सापडले कुठे? माझ्याच पाठीमागच्या कपाटात. आणि कर्नल कोण? माझे सख्खे आजोबा!

हसा, हसा. तेव्हाही सगळी कचेरी हसत होती. ते पुस्तक मी नुसते मिरवत होतो, उघडले कधीच नव्हते. आजोबाच घरचे भेदी निघाले! मी पुटपुटलो, "घरचं पुस्तक चालेल का?"

"छापलंय ना, साहेब? मग रिवाज म्हणजे रिवाज. करा सही."

केली. लाज वाटली, आणि खरे सांगतो, बाईंचा अभिमानही वाटला.

आज सकाळी पहिली प्रत बांधून आली. वाचतो: "असेंडन्सी. एक, वर्चस्व. दोन, आयर्लंडात ते गाजवणारी जमीनदार घराणी." बाईंनी हे वाचले, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "वडिलांना अक्षर येत नव्हतं. पण म्हणणं त्यांचंच छापून आलं."

अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात उणे-अधिक झाले असेल तर सांभाळून घ्यावे. खरी क्षमा मात्र, बाई, मी तुमच्या वडिलांची मागतो, आजोबांच्या वतीने.

मंडळी, उभे राहा. बाई जिंकल्या आहेत. टाळ्या खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाऊ द्या!