तिला माहीत नसतं

—नाही गं, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय गेलाय. इकडे ट्रंकेवर बस. मेकअप रूम म्हणायची हिला! आरशाचे दिवे गेलेत, कधीची ओरडतेय, कोण ऐकतंय? दुपारच्या प्रयोगाला अजून वेळ आहे, आणि बोलता बोलता मी तोंड रंगवू शकते — हाताला सवय आहे, डोकं लागत नाही. तर मास्तर म्हणाले, ताई, कॉलेजची मुलगी आहे, रहस्यनाटकावर प्रबंध लिहितेय, तिला कथानक, पात्रं, सगळं नीट समजावून सांगा. मी म्हटलं, दिग्दर्शक तुम्ही, तुम्हीच सांगा की! तर म्हणे, तुमच्याइतकं ते पात्र कळलंय कुणाला? गोड बोलायला लागला की हा माणूस — जाऊ दे. सांगते. लिहून नाही घेत? डोक्यात ठेवतेस? बरं बाई, तरुण डोकं आहे.

कथानक काय, चार ओळींचं. आजारी बाई, मोठं घर, आणि दीर. दिराला घर हवंय. तो वहिनीच्या सेवेला एक नर्स आणतो — गोड, लाघवी पोर. आणि पहिल्याच अंकात, बाई खिडकीकडे तोंड करून बसलेली असताना, ही पोर तिच्या पाठीमागे औषधाची बाटली बदलते. सगळ्या थिएटरने बघितलं, बाईने नाही! इथे नाटक सुरू होतं. मास्तर आधी म्हणत होते, बाटली दाखवायचीच नाही, शेवटी एकदम उलगडा करू. मी भांडले. म्हटलं, त्याने काय होईल, लोक एकदा दचकतील आणि घरी जातील. त्यांना आधीच कळू दे — मग मी नुसता चमचा तोंडाकडे नेला तरी त्यांचा जीव टांगणीला लागतो की नाही बघा. आणि लागतो! एकदा पहिल्या रांगेतली एक आजी ओरडली, "अगं बाई, घेऊ नकोस ते!" मी ऐकलं, आणि घेतलं. घ्यावंच लागतं, तिला माहीत नसतं ना.

आता ती बाई. लोकांना वाटतं बावळट आहे. मुळीच नाही! दिराला पुरती ओळखून आहे. पण एकटी आहे गं. कुणी पायाशी येऊन बसलं, "दमलात का?" विचारलं, की विरघळते. संशय घ्यायलासुद्धा ताकद लागते, ती उरलेली नाही तिच्यात — काय, उशी देतेस? अगं राहू दे — दे, दे, पाठीला बरं वाटतं. गुणाची आहेस. हां, हेच! हेच म्हणते ती नर्सला, "गुणाची आहेस," आणि सगळं थिएटर हळहळतं. मला सगळं माहीत असतं आणि काही माहीत नसल्यासारखं बसायचं असतं. कसं, ते विचारू नकोस, सांगता यायचं नाही. रोज नव्याने विसरायचं. हल्ली विसरणं सोपं झालंय म्हणा! मागच्या आठवड्यात दुसऱ्या अंकात एक वाक्य गेलं. साफ गेलं. विंगेतून सांगत होते, तेही ऐकू येईना. — दोनदा झालं. पण मास्तर रागावले नाहीत हो, उलट तेव्हापासून फारच जपतात. ताई, बसा. ताई, दौऱ्याची दगदग डोक्यात घेऊ नका. दौऱ्याचं पोस्टर झालं, मला फोटोला बोलावलंसुद्धा नाही — पाठमोरी बाई आहे म्हणे, त्याने रहस्य वाढतं. वाढत असेल. गुडघा धरलाय, प्रवास नको वाटतो, पण खरं सांगू? घरी आहे काय? मुलगा लांब, फोनवर म्हणतो, आई, आता बस कर. बस करून करू काय? दिवसभर मी म्हातारी असते, इथे येऊन तो कोट चढवला की ती बाई होते. हे गेलं की मी संपले. तू हे प्रबंधात घालू नकोस हं.

शेवट सांगते आणि तोंडावर पावडर मारते. बाहेर गारठा म्हणून नर्स बाईचाच कोट घालून बाहेर जाऊन येते. मग बाई तो अंगात घालते, सहज खिशात हात जातो, आणि हाताला लागतं बाटलीचं झाकण. तिच्या औषधाचं. झालं, कळलं! लेखकाने इथे पानभर आक्रोश लिहिला होता. मी म्हटलं, काटा. अशा वेळी माणूस ओरडत नाही, आधी त्याला लाज वाटते — सगळ्यांना दिसत होतं, मलाच कसं दिसलं नाही? ती सावकाश बटणं लावते, खालून वर. आणि मग एवढंच म्हणते — पुटपुटलीस तू? हो, तेच वाक्य, "जाताना दार ओढून घे." पाठ झालं की तुझं! आठवडाभर पहिल्या रांगेत बसतेस, होणारच. आधी थांबलीससुद्धा, अगदी माझ्यासारखी.

दे तो कोट, खुंटीवरचा. कपडेपटाच्या मावशींनी धुऊन ठेवलाय. धर मागून, हात वर जात नाही माझा. हं... हे काय? बाह्या बघ, बोटं दिसेनात माझी! धुतल्यावर कापड आटतं गं, लांबतं कुठे? मावशींना काही — थांब, उसवलंय हे. आतली दुमड सोडलीय. दोरा नवा आहे. आता ही कुणासाठी...

उभी राहा बरं जरा. उभी राहा गं.

उंच आहेस तू.

नाही, तू काही बोलू नकोस. मावशींनाही माहीत होतं तर. विंगेतल्या पोरांनाही असणार, म्हणूनच काल मी आले तसे सगळे गप्प झाले. आणि मी आपली तुला बाटली समजावतेय! — आजचा प्रयोग माझाच आहे ना? बरं. मग बाह्या आत दुमडून घेते, कुणाला दिसायचं नाही. आज सगळं माहीत असून "गुणाची आहेस" म्हणायचंय, बघू जमतं का. डोळे पूस. आणि ऐक, चमचा तोंडाकडे नेताना घाई करू नकोस, नवे लोक घाई करतात. कोट प्रयोगानंतर घेऊन जा.

जाताना दार ओढून घे.