आधी पडून घेते

जर्मनीतल्या एर्लांगेनहून निघालेली स्कीबस डोंगरावर पोचली. लहान मुलांच्या उतारावर वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यासाठी रांग होती. माझ्यापुढे दोघी मराठीत बोलत होत्या. एक स्की घातलेली सून, आणि तिला सोडायला आलेल्या, साडीवर जाड जॅकेट चढवलेल्या सासूबाई.

“अहो आई, पाय लटपटतायत माझे.”

“लटपटणारच. मागच्या हिवाळ्यात गुडघा मोडून घेतलायस, मीनल. आणि माझा लेक कबीर कुठाय?”

“बसमध्येच बसलाय. म्हणाला, मला बघवणार नाही.”

“बसू दे. भूक लागली की येईल.”

“तुम्हाला नाही भीती वाटत?”

“तुझा पाय मांडीवर घेऊन व्यायाम मीच करून घेतलेत. किती वाकतो ते मला ठाऊक आहे. तू हो पुढे.”

“आई, मी आधी मुद्दाम पडणार आहे.”

“मुद्दाम?”

“गेनाऊ, अगदी मुद्दाम. आता पडेन, मग पडेन करत मला उतरताच येणार नाही. एकदाचं पडून घेते.”

“मग नीट पड. अर्धवट नको.”

पट्ट्यावरून मीनल वर गेली, थोडं उतरली आणि बर्फात सपशेल आडवी झाली.

“झालं का गं पडून?”

“झालं, आई!”

“मग ऊठ! मागची पोरं खोळंबलीत!”

मीनल उठली. खाली माझ्याशेजारी उभ्या सासूबाईंनी माझं मनगट घट्ट आवळलं होतं. मला मराठी येतं का, हे न विचारताच त्या म्हणाल्या,

“ती खाली येईपर्यंत हात राहू दे हं.”